आनुवंशिक रोगांचे गणित मांडणारे हाल्डेन

विवाहापूर्वी रक्ताची तपासणी करून घेणारे तरुण-तरुणी, होणाऱ्या बाळाला थॅलसेमिया तर नाही ना या शंकेने डॉक्टरांसमोर बसलेले दांपत्य, आईला झालेला कर्करोग आपल्यालाही होईल काय असा प्रश्न घेऊन आलेली मुलगी, ही दृश्ये आता शहरांतील रुग्णालयांत नवी राहिलेली नाहीत. अशा वेळी डॉक्टर एक आकडा सांगतात. चारात एक, दोनात एक, शंभरात पाच. या आकड्यामागे जे शास्त्र उभे आहे त्याचा पाया घालणाऱ्या मोजक्या माणसांत जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचे स्थान फार वरचे आहे. जनुक कशाचे बनलेले असते हे कोणालाही ठाऊक नव्हते त्या काळात केवळ वंशावळी, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि बीजगणित यांच्या बळावर त्यांनी मानवी रोगांच्या वारशाचे हिशेब मांडले. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा शास्त्रज्ञ भारताचा नागरिक म्हणून ओडिशात मरण पावला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे अनेकांच्या विस्मरणात गेली आहे.

घरातच प्रयोगशाळा

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. खाणींतील विषारी वायू आणि मानवी श्वसन हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता आणि त्या संशोधनासाठी लागणारा प्रयोगाचा प्राणी म्हणजे बहुधा ते स्वतःच असत. मुलगाही या प्रयोगांतून सुटला नाही. एकदा त्यांनी लहानग्या जॉनला खाणीत नेले आणि छताजवळ मिथेन साचलेल्या जागी उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच वेळात मुलाचे पाय लटपटले व तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा स्वच्छ असल्याने तो लगेच सावरला. तो वायू हवेपेक्षा हलका असतो, हा धडा त्याला आयुष्यभर पुरला. शास्त्राची किंमत प्रथम स्वतःच्या देहाने मोजावी, ही शिकवणही त्याच घरातली.

मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० मध्ये नव्याने उजेडात आले. त्यानंतर वर्षभरातच, वयाच्या आठव्या वर्षी, वडिलांसमवेत त्यांनी या विषयावरील एक व्याख्यान ऐकले. पुढे धाकटी बहीण नेओमी हिने घरच्या आवारात गिनिपिग पाळले, तेव्हा भावंडांनी त्यांच्या पिल्लांच्या रंगांची गणती सुरू केली. ही नेओमी पुढे नेओमी मिचिसन या नावाने लेखिका म्हणून प्रसिद्ध झाली. उंदरांवरील अशाच गणतीतून काही गुण जोडीनेच पुढच्या पिढीत जातात असे त्यांच्या ध्यानात आले. त्याविषयीचा शोधनिबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हाल्डेन ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी म्हणून पहिल्या महायुद्धात लढत होते. त्यांचे सहलेखक ए. डी. स्प्रंट हे तर त्याच वर्षी युद्धात मारले गेले होते.

या माणसाच्या शिक्षणाचा प्रवासही विलक्षण होता. ईटन आणि ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज येथे त्यांनी गणित आणि ग्रीक-लॅटिन अभिजात वाङ्मय यांचा अभ्यास केला. ज्या जीवशास्त्रात त्यांनी नाव मिळवले त्याची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

युद्धात ते फ्रान्समध्ये आणि नंतर मेसोपोटेमियात जखमी झाले. दुसऱ्या खेपेस उपचार व विश्रांतीसाठी त्यांना भारतात पाठवण्यात आले. हा देश त्यांना आवडला. मात्र राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस म्हणून येथे राहणे त्यांना रुचले नाही. भारतीयांशी बरोबरीच्या नात्याने वावरता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले. तो योग येण्यास चाळीस वर्षे लागली.

निसर्गाच्या वेगाचे मोजमाप

युद्धानंतर हाल्डेन १९२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे रीडर झाले. विकर क्रियांच्या वेगाविषयी जी. ई. ब्रिग्ज यांच्याबरोबर १९२५ मध्ये त्यांनी मांडलेले समीकरण आजही विद्यार्थ्यांना शिकवले जाते. त्याच सुमारास शार्लट बर्गीस या विवाहित पत्रकार स्त्रीच्या घटस्फोटाच्या दाव्यात त्यांचे नाव आले आणि अनैतिक वर्तनाचा ठपका ठेवून विद्यापीठाने त्यांना पदावरून दूर केले. हाल्डेन यांनी या निर्णयाविरुद्ध दाद मागितली, ते जिंकले आणि १९२६ मध्ये त्यांनी शार्लटशी विवाह केला.

या गदारोळातही त्यांचे खरे काम चालूच होते. नैसर्गिक निवडीचे गणित मांडणारी त्यांची निबंधमाला १९२४ मध्ये सुरू झाली व सुमारे दहा वर्षे चालली. डार्विनचा सिद्धांत तोवर शब्दांत होता. हाल्डेन, रोनाल्ड फिशर आणि अमेरिकेतील सिवॉल राइट या तिघांनी त्याला आकड्यांची भाषा दिली. मँचेस्टर परिसरात १८४८ मध्ये प्रथम आढळलेला काळा पतंग विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथे जवळजवळ सर्वत्र दिसू लागला होता. इतका बदल इतक्या थोड्या काळात घडायचा तर काळ्या पतंगांची संतती फिकट पतंगांच्या सुमारे दीडपट टिकत असली पाहिजे, असा हिशेब हाल्डेन यांनी केला. एवढी तीव्र निवड निसर्गात चालते यावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. १९५० च्या दशकातील प्रत्यक्ष प्रयोगांनी त्यांच्या अनुमानाला दुजोरा दिला.

रक्ताच्या रोगाचा हिशेब

हाल्डेन १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले आणि १९३७ मध्ये तेथील जीवमितीच्या वेल्डन अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली. पतंग आणि उंदीर यांच्याकडून माणसाकडे त्यांचे लक्ष वळले ते येथे.

हिमोफिलिया या रोगात रक्त गोठत नाही. साध्या जखमेतूनही रक्तस्राव थांबत नाही. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा एक मुलगा, तसेच तिचा पणतू, म्हणजे रशियाचा युवराज अलेक्सी, या रोगाने ग्रस्त होते. रोगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीला अशी दोन गुणसूत्रे असल्याने ती बहुधा केवळ वाहक राहते, तर पुरुषाला एकच असल्याने तो रोगी होतो. म्हणजे समाजातील अशा सदोष जनुकांपैकी साधारण एक तृतीयांश जनुके पुरुषांत असणार. त्या काळी बहुतेक रोगी अपत्य होण्यापूर्वीच मरण पावत. प्रत्येक पिढीत जवळजवळ तिसरा हिस्सा असा नष्ट होत असेल, तर हा रोग काही पिढ्यांतच नाहीसा व्हायला हवा होता. तो तर कायम आहे. याचा अर्थ जेवढी सदोष जनुके मृत्यूबरोबर जातात तेवढीच नव्याने निर्माण होत असली पाहिजेत. लंडनमधील रुग्णसंख्येवरून हाल्डेन यांनी १९३५ मध्ये हा वेग काढला. एका पिढीत सुमारे ५० हजार जनुकांमागे एकात नवा बिघाड होतो, असे उत्तर आले. डीएनएची रचना उलगडण्याच्या १८ वर्षे आधी केलेले हे अनुमान आजच्या मोजमापांच्या जवळपास जाणारे आहे. पुढे १९४७ मध्ये, असे नवे बिघाड स्त्रियांपेक्षा पुरुषांच्या बीजपेशींत अधिक होतात, असाही निष्कर्ष त्यांनी काढला.

त्याहून दूरगामी ठरले ते १९३७ मधील काम. यात त्यांच्या सहकारी होत्या डॉ. ज्युलिया बेल. गणिताचे शिक्षण केंब्रिजमध्ये पुरे करूनही केवळ स्त्री असल्याने त्यांना त्या विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती. नंतर त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि आनुवंशिक रोग असलेल्या कुटुंबांच्या वंशावळी वर्षानुवर्षे चिकाटीने गोळा केल्या. या वंशावळींत काही घराणी अशी होती, की ज्यांत हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा हे दोन्ही दोष होते. दोन्ही जनुके एक्स गुणसूत्रावर. ती एकमेकांच्या किती जवळ आहेत? बेल आणि हाल्डेन यांनी सारी आकडेमोड करून दाखवले, की शंभरातील सुमारे पाच वेळाच ती एकमेकांपासून वेगळी होतात. मानवी शरीरातील दोन जनुकांमधले अंतर मोजण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न होता.

या आकड्याचे महत्त्व त्या दोघांनी तेव्हाच ओळखले होते. डोळ्यांना दिसणारा किंवा सहज तपासता येणारा एखादा निरुपद्रवी गुण रोगाच्या जनुकाला चिकटून असेल, तर त्या गुणावरून न दिसणाऱ्या रोगाची शक्यता सांगता येईल. उतारवयाकडे झुकताना मेंदूचा घात करणाऱ्या हंटिंग्टन रोगाचे उदाहरण त्यांनी दिले. एखाद्या रक्तगटाशी या रोगाचा असा संबंध सापडला, तर रोग्याच्या कोणत्या मुलांना तो होण्याचा संभव आहे हे आधीच सांगून त्यांना विवाहाविषयी सल्ला देता येईल, असा त्यांचा विचार होता. हंटिंग्टन रोगाची अशी खूण १९८३ मध्ये डीएनएवर सापडली आणि प्रत्यक्ष जनुक १९९३ मध्ये. मार्ग तोच होता, खूण तेवढी नवी होती.

सी. ए. बी. स्मिथ यांच्यासह हाल्डेन यांनी १९४७ मध्ये हाच हिशेब अधिक कुटुंबांवर आणि अधिक काटेकोर पद्धतीने पुन्हा केला, तेव्हा पाचाच्या जागी सुमारे दहा टक्के असे उत्तर आले. त्याचे कारण नंतर कळले. हिमोफिलिया हा एक रोग नसून दोन वेगळ्या जनुकांचे दोन रोग आहेत, हे १९५० च्या दशकात स्पष्ट झाले. त्यांपैकी एकाचे जनुक रंगांधळेपणाच्या जनुकाला लागून आहे, दुसऱ्याचे बरेच दूर आहे. दोन्ही प्रकारची कुटुंबे एकाच यादीत मिसळली गेली होती. गणित बरोबर होते, पण रोगाचे नाव एक असले म्हणजे रोग एकच असतो असे नाही. आजच्या जनुकीय भाकितांनाही हा धडा तितकाच लागू पडतो.

भाकिताचा उपयोग कोणासाठी

हाल्डेन यांचे मोठेपण केवळ गणितात नव्हते. हे भाकीत कोणाच्या हाती जाणार, याची त्यांना चिंता होती. तो काळ सुप्रजननवाद्यांचा होता. सदोष समजल्या जाणाऱ्या माणसांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा जर्मनीत १९३३ मध्ये झाला. ब्रिटनमध्येही ऐच्छिक नसबंदीची शिफारस करणारा समितीचा अहवाल १९३४ मध्ये आला. त्यांच्याच महाविद्यालयात काम करणारे फिशर हे सुप्रजननाचे खंदे पुरस्कर्ते होते. तरुणपणी हाल्डेन यांनाही या विचाराचे आकर्षण नव्हते असे नाही. परंतु आकड्यांनी त्यांचे मत बदलले.

१९३८ मधील आनुवंशिकता व राजकारण या विषयावरील पुस्तकात त्यांनी नसबंदीच्या कार्यक्रमाचा फोलपणा दाखवून दिला. त्यामागचा हिशेब साधा आहे. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होणारा एखादा रोग दहा हजारांत एकाला होत असेल, तर त्याचे जनुक बाळगणारी निरोगी माणसे पन्नासात एक असतात. रोग्यांना अपत्ये होऊच दिली नाहीत, तरी त्या जनुकाचे प्रमाण निम्म्यावर यायला शंभर पिढ्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे लागतील. ज्यांच्यावर जुलूम होणार ते मूठभर आणि जनुके तर सर्वांच्या रक्तात. नाझी राजवटीमुळे देशोधडीला लागलेल्या हान्स ग्रुनेबर्ग, उर्सुला फिलिप अशा संशोधकांना त्यांनी आपल्या विभागात आश्रय दिला.

त्याच पुस्तकात कुंभारकामाच्या कारखान्यांतील कामगारांच्या श्वसनविकाराचा त्यांनी विचार केला. एकाच धुळीत काम करणाऱ्या सगळ्यांनाच हा विकार होत नाही. काहींची प्रकृती जन्मतःच अधिक नाजूक असावी. ती आधी ओळखता आली तर त्यांना त्या कामापासून दूर ठेवून वाचवता येईल. माणसाचा जनुकीय कल आणि त्याची परिस्थिती यांचा एकत्र विचार करून रोग टाळण्याची ही कल्पना पुढे स्वतंत्र अभ्यासशाखा बनली. मात्र असे भाकीत कामगाराला वाचवण्यासाठी वापरायचे की त्याला कामावरून काढण्यासाठी, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

डाग

इतक्या सावध बुद्धीच्या माणसाकडून एक मोठी चूक झाली आणि ती झाकून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळात हाल्डेन साम्यवादाकडे ओढले गेले. १९४२ मध्ये ते ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. पक्षाच्या दैनिकात त्यांनी सामान्य वाचकांसाठी शेकडो विज्ञानलेख लिहिले. १९३९ मध्ये थीटिस पाणबुडी बुडून ९९ जण दगावले, तेव्हा कामगार संघटनांच्या विनंतीवरून कोंडलेल्या हवेतील मृत्यूचे कारण शोधण्यासाठी त्यांनी स्वतःला बंद पेटीत कोंडून घेतले. पुढील प्रयोगांत त्यांच्या पाठीच्या कण्याला कायमची इजा झाली.

परंतु सोव्हिएत रशियात लायसेंको याने मेंडेलचे शास्त्रच खोटे ठरवले, तेव्हा हाच निर्भय माणूस चाचरला. निकोलाय वाविलोव्ह या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या निमंत्रणावरून हाल्डेन १९२८ मध्ये रशियाला गेले होते. ते वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. १९४८ मध्ये रशियात आनुवंशिकीवर अधिकृत बंदी आली. त्यानंतरही बीबीसीवरील चर्चेत हाल्डेन यांनी लायसेंकोचा स्पष्ट निषेध केला नाही, उलट त्याच्या म्हणण्यात काही तथ्य असू शकेल असा सूर लावला. प्रत्येक आकड्यासाठी पुरावा मागणाऱ्या शास्त्रज्ञाने पक्षनिष्ठेपोटी पुराव्याकडे डोळेझाक केली. अनेक सहकारी त्यांच्यापासून दुरावले. १९५० च्या सुमारास ते पक्षातून बाहेर पडले, पण गाजावाजा न करता.

गंमत अशी, की त्यांचे सर्वांत दूरदर्शी अनुमान याच कोलाहलातले आहे. भूमध्य सागराच्या परिसरात थॅलसेमियासारखा घातक रोग इतका पसरलेला का, या प्रश्नाला त्यांनी १९४८ च्या स्टॉकहोम परिषदेत व १९४९ च्या निबंधात उत्तर दिले. रोगाचे एकच जनुक बाळगणाऱ्या वाहकाच्या तांबड्या पेशी वेगळ्या असतात आणि त्यामुळे मलेरियापासून त्याचा बचाव होत असावा, असे त्यांनी सुचवले. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हे दाखवून दिले. पूर्व विदर्भातील आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातील सिकलसेलची मुळेही मलेरियाच्या अशाच जुन्या इतिहासात आहेत. वाहक असणे हा कलंक नाही. जंगलातील तापातून पूर्वज जगले त्याची ती खूण आहे.

भारताचा नागरिक

प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९५७ मध्ये हाल्डेन आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी, जीवशास्त्रज्ञ हेलन स्पर्वे, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. सुएझवरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध हे देश सोडण्याचे कारण त्यांनी जाहीरपणे सांगितले. येथे त्यांनी धोतर-सदरा हा वेश स्वीकारला, मांसाहार सोडला आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेतले. महागड्या यंत्रांवाचून अडून बसू नका, भोवतालच्या निसर्गाकडे पाहा आणि मोजा, असे ते तरुण संशोधकांना सांगत. नारळाच्या पानांची डावी-उजवी वळणे, शेतातील वनस्पतींची वाढ, आंध्रातील मामा-भाची विवाहांचा संततीवर होणारा परिणाम असे विषय त्यांच्या शिष्यांनी हाताळले. संस्थेच्या कारभाराशी मतभेद होऊन १९६१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि १९६२ मध्ये ओडिशा सरकारच्या साहाय्याने भुवनेश्वर येथे आनुवंशिकी व जीवमितीची प्रयोगशाळा उभारली. ते संपादित करीत असलेले जर्नल ऑफ जेनेटिक्स हे नियतकालिकही त्यांच्याबरोबर भारतात आले. आज ते बेंगळूरु येथील भारतीय विज्ञान अकादमीतर्फे निघते.

१९६३ च्या अखेरीस त्यांना गुदाशयाच्या कर्करोगाने गाठले. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाच्या खाटेवरून त्यांनी आपल्याच रोगावर एक विनोदी कविता लिहून प्रसिद्ध केली. लक्षणे दिसताच लाज न बाळगता डॉक्टरांकडे जा, हा तिचा मथितार्थ होता. ते भुवनेश्वरला परतले, पण रोग उलटला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवण्यात आला.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाले. गावोगावच्या तपासणीत दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला रोगाचा धोका चारात एक असतो, असे समजावून सांगितले जाते. संपूर्ण जनुकसंच वाचून मधुमेहापासून हृदयविकारापर्यंतच्या शक्यता वर्तवण्याचे प्रयत्नही जगभर चालू आहेत. यंत्रे बदलली तरी भाकीत म्हणजे विधिलिखित नव्हे, ती केवळ एक शक्यता आहे, हे हाल्डेन यांच्या साऱ्या गणिताचे सार बदललेले नाही. ज्याच्याविषयी ती शक्यता सांगायची त्याच्या हितासाठीच ती वापरली जाते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे.